आजी शांत आहेत, पण बऱ्या आहेत का?



ऑक्टोबर महिना आपल्यासाठी धम्मचक्र प्रवर्तनाचा महिना. याच महिन्यात आणखी दोन दिवस येतात. 1 ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आणि 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. म्हणून या अंकात दोन्ही विषय एकत्र घेत आहे: वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांना होणारा नैराश्याचा आजार.

"वृद्धाश्रम हा बिल्डिंगवाल्यांचा विषय, आपल्या वस्तीला त्याचे काय?" असे काहींना वाटेल. बेलपाड्याच्या रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहून पाहा. डबा घेऊन निघालेल्या आपल्या किती भगिनी घरकामाला जातात आणि किती जणी ब्युरोमार्फत म्हाताऱ्या माणसांच्या ड्युटीला जातात, ते मोजा. खारघर, कामोठे, पनवेल, तळोजा या भागात वृद्धाश्रम आणि केअर सेंटर वाढले आहेत. तिथे आजी-आजोबांना अंघोळ घालणारी, भरवणारी, चादर बदलणारी मावशी बहुतेक वेळा आपल्यासारख्या वस्तीतूनच आलेली असते. दुसरीकडे, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, नवरा-बायको दोघेही कामावर आणि आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली, अशी घरेही आपल्याकडे आहेत. त्यांतील काहींनी आई-वडिलांना संस्थेत ठेवले आहे. म्हणजे वृद्धाश्रमाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत.

माझी एक चूक

नर्सिंगची पदविका घेतल्यावर सुरुवातीच्या काळात मी एका वृद्धाश्रमात ड्युटी केली. तिथे एक आजी होत्या. मोठी मुलगी वारली, खोली विकली गेली आणि धाकट्याने त्यांना इथे आणून ठेवले. पहिला आठवडा त्या रडल्या. नंतर गप्प झाल्या. सांगितले की उठायचे, सांगितले की बसायचे. कोणाशी भांडण नाही, बेल वाजवणे नाही. मी रोज रजिस्टरमध्ये एकच ओळ लिहीत होते: "रुग्ण शांत. तक्रार नाही."

एके दिवशी चादर बदलताना तिथल्या मावशींना गादीखाली न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, आजी शांत नाहीत. त्या आतून संपत चालल्यात. पंधरा दिवस झाले, भाकरी अर्धीसुद्धा खात नाहीत. पहाटे तीनला डोळे उघडे असतात. परवा मला म्हणाल्या, आता कशाला माझं पोट भरतेस?"

मी आजींचे वजन केले. आल्यापासून सहा किलो घटले होते. रक्तदाब मी रोज घेतला होता, ताप रोज पाहिला होता. माणसाकडे मात्र पाहिले नव्हते. जे मला शिक्षण घेऊन दिसले नाही, ते सातवी शिकलेल्या मावशींना दिसले, कारण ताट आणि अंथरूण त्यांच्या हातात होते. त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे. म्हाताऱ्या माणसाचे नैराश्य सर्वांत आधी कळते ते ताट वाढणाऱ्याला आणि अंथरूण घालणाऱ्याला. त्यांनी ते ओळखायला शिकले आणि बोलून दाखवले, तर माणूस वाचतो.

दुःख वेगळे, आजार वेगळा

जोडीदार गेला, घर सुटले, तर दुःख होणारच. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मध्येच नातू आला तर चेहरा खुलतो, जुनी आठवण निघाली तर रडता रडता हसूही येते. नैराश्य तसे नाही. मन उदास असणे, किंवा कशातच गोडी न वाटणे, हे दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त राहिले आणि सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष यांवर परिणाम झाला, तर तो आजार आहे. मधुमेह किंवा दम्यासारखाच आजार. त्यावर उपचार आहेत आणि उपचाराने बहुतेकांना बरे वाटते.

आपल्या देशात ज्येष्ठांची एक मोठी पाहणी 2017-18 साली झाली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती केली. पंचेचाळीस वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोक त्यात होते. साठीच्या पुढच्या शंभर जणांमागे सुमारे आठ जणांत नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली. पण 'डॉक्टरांनी मला नैराश्य असल्याचे सांगितले आहे' असे सांगणारे शंभरात एकही भरत नव्हते. म्हणजे आजारी असलेल्या दहांपैकी नऊ जणांचा आजार कोणी ओळखलाच नाही. ही पाहणी घरात राहणाऱ्या लोकांची होती. संस्थेत राहणाऱ्या वृद्धांमध्ये हे प्रमाण घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त असते, असे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसून आले आहे.

वृद्धाश्रमात हा आजार जास्त का?

वृद्धाश्रम वाईटच असतात असे माझे म्हणणे नाही. पुण्याचे 'निवारा' हे एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि आजही निराधार वृद्धांना आसरा देते. आपल्या पनवेल तालुक्यात नेऱ्याजवळ कुष्ठरोग निवारण समितीने शांतिवन उभे केले. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेल्या या कामात पुढे वृद्धाश्रमाचीही भर पडली. चांगली संस्था अनेकांना जगवते. पण चांगल्या संस्थेतही माणूस येतो तो बरेच काही मागे ठेवून.

घर सुटते, शेजार सुटतो. आयुष्यभर कमावून चार पोटे भरलेल्या माणसाला 'मी आता कोणाच्या कामाचा नाही' असे वाटू लागते. चहा कधी, अंघोळ कधी, दिवा कधी बंद करायचा, हे सगळे दुसरेच ठरवतात. सोबत आजार असतातच. लकवा, कंपवात, मधुमेह, हृदयविकार यांच्या रुग्णांत नैराश्य जास्त आढळते. कानाने ऐकू येत नसेल तर माणूस शंभर लोकांतही एकटा पडतो. मोतीबिंदू असेल तर पेपर सुटतो, ओळखीचे चेहरे सुटतात.

आपल्या ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती कोणी लिहीत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये आरती होते. बावीस प्रतिज्ञा घेऊन आयुष्य काढलेली उपासिका मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहते. तिला कोणी वंदना म्हणायला सांगत नाही, पौर्णिमा कधी आली ते कळत नाही. काही जण आडनाव विचारले जाईल म्हणून बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. ज्या ओळखीने आयुष्यभर मान ताठ ठेवायला शिकवले, तीच उतारवयात लपवावी लागली तर मन खचणार नाही का? आपला धम्म पाळण्याचा हक्क संविधानाच्या कलम 25 ने दिला आहे आणि तो वृद्धाश्रमाच्या फाटकाबाहेर राहत नाही. पलंगाशेजारी एक फोटो आणि सकाळी पाच मिनिटे वंदनेला, एवढी मागणी नातेवाइकांनी दाखल करतानाच नम्रपणे पण स्पष्टपणे करावी.

ओळखायचे कसे?

तरुण माणूस सांगतो, 'मला उदास वाटते.' आपली आजी तसे सांगत नाही. ती म्हणते, 'पोटात गोळा येतो', 'डोकं जड झालंय', 'अंगात त्राण नाही'. म्हणून शब्दांपेक्षा रोजच्या वागण्यातला बदल पाहा.

ताट: भूक कमी, दोन घासांत 'पुरे', आवडीचा पदार्थही नको. ब्लाउज सैल झाला, बांगडी कोपरापर्यंत जाऊ लागली.

अंथरूण: पहाटे तीन-चारला जाग आणि मग झोप नाही. किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे.

अंग: अंघोळ, केस विंचरणे, दाढी, कपडे बदलणे यांत रस नाही. ठिकठिकाणी दुखण्याच्या तक्रारी. तपासणीत काही सापडत नाही.

वागणे: चिडचिड, विनाकारण रडू, येरझारा, नाहीतर अगदीच गप्प. टीव्ही, पेपर, गप्पा, जे आवडत होते ते सुटले. औषध घ्यायला नकार. आजोबांमध्ये रडण्यापेक्षा राग आणि दारूची मागणी जास्त दिसते.

बोलणे: 'मी सगळ्यांवर ओझं आहे', 'माझंच चुकलं', 'मरण का येत नाही?'

यांतील काही गोष्टी दोन आठवडे टिकल्या, तर शेजारी बसून दोन प्रश्न विचारा. "आजी, या पंधरा दिवसांत मन सारखं उदास, निराश वाटतं का?" आणि "पूर्वी ज्या गोष्टी आवडायच्या, त्यांत आता गोडी वाटत नाही का?" दोहोंपैकी एकाचे उत्तर 'हो' आले तरी डॉक्टरांना सांगा. डॉक्टर पुढे पंधरा प्रश्नांची एक साधी यादी विचारतात. ती ज्येष्ठांसाठीच केलेली आहे आणि दहा मिनिटांत होते.

प्रश्न विचारताना उभ्या उभ्या, डायपर बदलता बदलता विचारू नका. खाली बसा, हात हातात घ्या, ऐकू येत नसेल तर समोरून सावकाश बोला. आणि मुलगा समोर असताना विचारू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून आई खरे सांगणार नाही.

सगळेच गप्प बसणे नैराश्य नसते

तीन गोष्टींत गल्लत होते.

पहिली, विसरण्याचा आजार, म्हणजे डिमेन्शिया. तो महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो आणि बरेचदा माणूस आपला विसर लपवतो. नैराश्यातला विसर काही आठवड्यांत जाणवू लागतो आणि माणूस स्वतःच म्हणतो, 'मला काही आठवत नाही, विचारू नका.' नैराश्यावर उपचार केल्यावर हा विसर बराच कमी होऊ शकतो. म्हणून 'म्हातारचळ लागला' म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करायचे.

दुसरी, अचानक आलेला गोंधळ. कालपर्यंत बरी असलेली आजी आज भलतेच बोलते, माणसे ओळखत नाही, मध्येच गुंगीत जाते, मध्येच ठीक असते. हे नैराश्य नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, न्यूमोनिया अशी कारणे असतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.

तिसरी, शरीरातले छुपे कारण. थायरॉईड मंदावणे, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणे, यांमुळेही माणूस मलूल आणि उदास होतो. काही औषधांनीही, उदाहरणार्थ स्टेरॉईडने, मनःस्थिती बिघडते. म्हणून जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या आणि या तपासण्या करायच्या का, असे डॉक्टरांना विचारा.

उपचार आणि गैरसमज

'मनाच्या गोळ्यांची सवय लागते.' नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. व्यसन लागते ते झोपेच्या गोळ्यांचे, आणि नेमक्या त्याच लोक मेडिकलमधून विचारून आणतात. म्हाताऱ्या माणसाला झोपेच्या गोळीने तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचे हाड मोडते. झोपेची गोळी म्हणजे नैराश्यावरचा उपचार नव्हे.

'आठवडा झाला, फरक नाही, बंद करा.' या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, वयस्करांत त्याहून जास्तही. वयामुळे डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवावी लागते. अचानक बंद केली तर चक्कर, घाबरेपणा येतो आणि आजार उलटू शकतो. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ होऊ शकते. मात्र चक्कर, गोंधळ, खूप गुंगी दिसली तर लगेच कळवा, कारण वृद्धांत या गोळ्यांनी सोडियम कमी होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी किंवा अंगदुखीची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा.

'नुसते बोलून काय होणार?' बरेच होते. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि दिवसाची नीट आखणी यांनी गुण येतो. आजार मोठा असेल तर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतात.

'बाहेरचे काहीतरी आहे, भगताला दाखवा.' बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही हे वाक्य ऐकले आहे, म्हणून लिहिते. अंगाऱ्यात जे आठवडे जातात, त्यात वजन घटत असते.

'बौद्ध माणसाने ध्यान करावे, गोळ्या कशाला?' ध्यान चांगले आहे. बसवत असेल तर जरूर करावे. पण जो माणूस दोन घास गिळू शकत नाही त्याला 'मन एकाग्र कर' सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने चाल म्हणण्यासारखे आहे. खुद्द भगवान बुद्धांच्या संघाची प्रकृती जीवक वैद्य पाहत होते. औषध घेणे धम्माच्या विरोधात नाही.

मावशी, मुलगा आणि विहार यांनी काय करावे?

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन संशोधक स्त्रियांनी एक साधा प्रयोग केला. त्याचा अहवाल 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. त्यांना आवडीचे रोपटे निवडू दिले आणि पाणी घालणे त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. तिथेही रोपटी दिली, पण पाणी नर्स घालत. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हिंडूफिरू लागले, जास्त सावध आणि आनंदी दिसले. जेवण, इमारत, नर्स तेच होते. फरक होता तो आपला निर्णय आपण घेण्याचा.

यातून मावशींनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. "आजी, आज निळी साडी की पिवळी?" "अंघोळ आधी की चहा आधी?" असे विचारा. घास भरवण्याआधी चमचा त्यांच्या हातात देऊन पाहा, सांडले तर पुसता येते. सकाळी अर्धा तास उन्हात, व्हरांड्यात बसवा. शेंगा सोलणे, मेथी निवडणे, लसूण सोलणे असे काम मागितले तर द्या. आणि दिसले ते सिस्टरना सांगा, सिस्टरनी ऐकले नाही तर डॉक्टरांना सांगा. 'मी शिकलेली नाही, मला काय कळते?' असे म्हणू नका.

शिकलेले नसतानाही किती करता येते, याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथे 'संगाथ' या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या 181 लोकांबरोबर एक अभ्यास केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांना उदासीची सौम्य लक्षणे होती, पुरा आजार अजून झालेला नव्हता. निम्म्यांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी भेटी दिल्या. अडचण एकेक करून कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची, मधुमेहासारख्या आजाराची काळजी कशी घ्यायची, सरकारी योजना कशी मिळवायची, एवढेच त्या भेटींत होते. वर्षभरात ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात शंभरामागे चौदा जणांना नैराश्याचा आजार झाला. ज्यांना भेटी मिळाल्या त्यांच्यात शंभरामागे फक्त चार जणांना.

मुला-मुलींनो, आईला संस्थेत ठेवावे लागले म्हणून तुम्ही गुन्हेगार नाही. घरी कोंडून ठेवण्यापेक्षा तिथे काळजी बरी होत असेल, तर तो योग्य निर्णय असू शकतो. पण ठेवल्यावर नाते संपत नाही. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. या काळात 'सवय होऊ दे, गेलो तर रडेल' असे म्हणून जाणे टाळू नका. येण्याचा वार ठरवा आणि पाळा; अधूनमधून अचानक तीन तास बसण्यापेक्षा दर रविवारी अर्धा तास बरा. फोन करा, नातवाचा आवाज ऐकवा. घरातल्या निर्णयात त्यांना विचारा: "आई, पोरीला कोणत्या कॉलेजात घालू?" त्यांची चादर, त्यांचा चष्मा, त्यांचा फोटो सोबत द्या. कान आणि डोळे तपासून घ्या. महिन्यातून एकदा वजन विचारा.

विहाराने काय करावे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रसंग दिला आहे, तो मुळात विनयपिटकातला. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण आजारी असल्यामुळे तो कोणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. मग भिक्खूंना समजावले की तुम्हाला इथे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? 'मी कोणाच्या कामाची नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येक आजीसाठी हे उत्तर अडीच हजार वर्षांपासून तयार आहे. माणसाची काळजी त्याच्या उपयोगावरून ठरत नाही. महिला मंडळाने दर पौर्णिमेला दोघी-तिघींनी जवळच्या एका वृद्धाश्रमात जाऊन तासभर बसावे. फळे वाटून फोटो काढायला जाऊ नका. वंदना म्हणा, गप्पा मारा, जुनी गाणी त्यांच्याकडून ऐका.

धोक्याची खूण

'मरण आलं तर बरं' हे वाक्य म्हातारपणाचे म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा: "आजोबा, स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाले, औषधे जमवत असल्याचे दिसले, खाणेपिणे पूर्ण सोडले किंवा सगळ्यांचा निरोप घेऊ लागले, तर एकटे सोडू नका, औषधे आपल्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मदत कुठे?

टेलिमानस 14416: मनाच्या आजारासाठी सरकारी मोफत फोनसेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येते. स्वतः ज्येष्ठ, नातेवाईक किंवा मावशी, कोणीही फोन करावा.

एल्डरलाईन 14567: ज्येष्ठांसाठी सरकारी मोफत हेल्पलाइन. आधार, छळ, टाकून देणे, योजना, सगळ्यासाठी.

दवाखाना: पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचारासाठी कुठे, कोणत्या वारी यायचे ते विचारा. कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. परवडणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला दिला आहे.

कायदा: आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 सालचा आहे. मुलांनी सांभाळ केला नाही तर प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. निराधार, गरीब ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजना आहेत; तहसील कार्यालयात अर्ज होतो. हातात स्वतःचे चार पैसे असले की माणसाला मागावे लागत नाही, हेही मनाचे औषधच आहे.

त्या आजींचे पुढे काय झाले?

आजींना आम्ही मानसोपचार ओपीडीत नेले. थायरॉईडही मंदावलेले निघाले. दोन्हींवर औषधे सुरू झाली. मावशींनी पिशवीतला फोटो काढून पलंगाशेजारच्या भिंतीवर लावला. आजी लाजल्या, पण त्यांनी हात जोडले. मुलाला बोलावून समजावले. तो दर रविवारी येऊ लागला. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही आणि मला भीती वाटली. पाचव्या आठवड्यात एका दुपारी जेवणाच्या टेबलावरून आवाज आला: "ही डाळ आहे का पाणी? फोडणी द्यायला कोणी शिकवलं नाही का तुम्हाला?"

मावशी हसत हसत रडल्या. त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिले: "रुग्णाने डाळीची तक्रार केली. प्रकृतीत सुधारणा."

विहारातील रविवारच्या बैठकीसाठी प्रश्न

1. आपल्या वस्तीतील किती भगिनी वृद्धांच्या ड्युटीवर जातात? त्यांना हा लेख वाचून कोण दाखवणार?

2. आपल्या ओळखीचे कोणते ज्येष्ठ वृद्धाश्रमात किंवा गावी एकटे आहेत? त्यांना शेवटचे कधी भेटलो?

3. आपल्या घरातील ज्येष्ठांना वरचे दोन प्रश्न या आठवड्यात कोण विचारणार?

4. येत्या पौर्णिमेला कोणत्या वृद्धाश्रमात आणि कोण जाणार? नावे आजच लिहा.

जयभीम!